समुद्रकाठी तंबूत, पण आईलाही सुट्टी!

नाताळ जवळ आला की घरोघरी एकच विषय, यंदा कुठे जायचं? हल्ली समुद्रकाठी तंबूत राहण्याची टूम निघाली आहे. मुलं हरखतात, 'ह्यां'ना गाडी काढायला निमित्त मिळतं. पण चार मैत्रिणींना विचारून पाहा. सुट्टी सगळ्यांची होते, आईचं मात्र नुसतं स्वयंपाकघर बदलतं! कामं आधी नीट वाटून घेतली तर तीही दोन दिवस निवांत बसू शकते. आमचं जांब्याचं बिऱ्हाड दिवेआगरला जातं, त्या अनुभवावरून हे चार शब्द.

वाट ताम्हिणीची

आमच्याकडून हिंजवडी, माण, घोटावडे करत पौड रस्त्याला लागायचं. पुढे मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन आणि दिवेआगर. मुलांबाळांसह पाच तास धरावेत. सकाळी सहाला निघालं की घाट उन्हाआधी उतरून होतो. वळणांचा त्रास होणाऱ्यांना निघताना दूध देऊ नये. कोरडी पोळी, आल्याची वडी आणि आवळासुपारी पुरे.

मुळशीच्या जलाशयापाशी दहा मिनिटं थांबाच. या धरणाविरुद्ध १९२१च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापटांनी तो पुढे नेला, आयाबायाही त्यात उतरल्या. तरी धरण झालं आणि गावं पाण्याखाली गेली. मुलांना आणखी एक गंमत सांगावी. मुळा नदी खरी पूर्वेला वाहणारी. पण तिचं इथलं पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. तिथून ते कुंडलिकेत जातं आणि रेवदंड्याजवळ समुद्राला मिळतं. म्हणजे आपल्यासारखंच तेही घाट उतरून समुद्राला निघालेलं!

पाऊणकी आठवा

आता सगळ्यांत महत्त्वाचं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेली डझनाहून अधिक कॉलेजची मुलंमुली बुडाली. पावसाळा नव्हता, भर हिवाळा होता. भरती-ओहोटी ठाऊक असल्याशिवाय मुलांना पाण्यात सोडू नये, ते यासाठी.

कोकणातल्या आज्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे दुपारी आणि पहाटे पावणेचारच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. सुमारे सहा तासांनी ओहोटी. तिथी दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजायची. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून गावात विचारून खात्री करावी. मी शाळेत मुलांना पाऊणकी म्हणायला लावते, तेव्हा 'याचा उपयोग काय?' असं विचारणाऱ्याला हेच उत्तर देते.

नियम तीनच. ओहोटी लागली की मुलं पाण्याबाहेर. पाण्यात असताना एक मोठं माणूस त्यांच्या पुढे, समुद्राच्या बाजूला. आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, म्हणजे दत्तजयंतीच्या सुमारासही, भरती-ओहोटीचा जोर जास्त असतो, तेव्हा गुडघाभर पाण्यापुढे कोणीच जायचं नाही. हरिहरेश्वरला प्रदक्षिणा करायची असेल तर तीही फक्त ओहोटीत.

तंबू कुठे?

वाळूवर वाळलेलं शेवाळ आणि शिंपल्यांची रेघ दिसते, ती भरतीची खूण. तंबू तिच्याही बराच वर, सुरूच्या आडोशाला किंवा कोणाच्या वाडीत परवानगीने असावा. रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, पहाटे दव पडतं. खाली ताडपत्री, वर गोधडी आणि म्हाताऱ्यांना कानटोपी हवीच. स्वच्छतागृह किती अंतरावर आहे आणि तिथे रात्री दिवा असतो का, हे पैसे भरण्याआधी विचारावं. पुरुष हे विचारत नाहीत, म्हणून आपणच विचारायचं.

हिवाळ्यात या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी आणि पिल्लं निघायला दीड-दोन महिने. तेव्हा वाळूवर गाडी घालू नये, शेकोटी करू नये, रात्री झगझगीत दिवे लावू नयेत.

चूल नको, डबा हवा

पहिल्या दिवसासाठी घरूनच दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट. मार्गशीर्षातला गुरुवार असेल तर राजगिऱ्याचे लाडू. पुढची जेवणं गावातल्या घरगुती खानावळीत. आधी सांगून ठेवलं तर उकडीचे मोदक, वालाची उसळ आणि सोलकढी ताजी मिळते.

यात नुसती आपली सोय नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नवी पोफळ फळायला पाच-सात वर्षं तरी लागतात. मधल्या काळात कित्येक घरांना आधार झाला तो पाहुण्यांच्या जेवणाचा आणि राहण्याचा. तंबूपुढे स्टोव्ह पेटवून आपण घाम गाळायचा आणि शेजारच्या बाईची चूल थंड, यात शहाणपण नाही. मात्र तिच्याशी दहा रुपयांवरून घासाघीसही करू नये. तिचा स्वयंपाक हे तिचं काम आहे, आणि कामाचे पैसे मिळावेत असं आपल्यालाही वाटतंच ना?

निघण्यापूर्वी एका कागदावर कामं लिहून तो फ्रिजवर लावा. तंबू आणि पाणी ह्यांच्याकडे, अंथरुणं मोठ्या मुलाकडे, भांडी धाकटीकडे, औषधांची पिशवी सासूबाईंकडे. आईच्या नावापुढे लिहा, 'समुद्र पाहणे'. सोमवारपासून डबे आहेतच.