‘इंटरेस्ट’ : गोडी, व्याज आणि हक्क



‘इंटरेस्ट’ हा इंग्रजी शब्द आता आपल्याला परका राहिलेला नाही. ‘पोराला अभ्यासात इंटरेस्ट नाही’ अशी तक्रार घेऊन शाळेत येणारा बाप इंग्रजीची एक इयत्ताही शिकलेला नसतो. पण शब्द मात्र नेमका वापरतो. दुसरा अर्थ व्याज; तो बँकेच्या पासबुकात भेटतो. तिसरा अर्थ कायद्याच्या कागदात दडून बसलेला असतो, आणि माणसाचे नुकसान होते ते बहुधा या तिसऱ्यापायी.

आमच्या गावी एक वयस्क गृहस्थ आहेत. सारे गाव त्यांना बापू म्हणते. दुसऱ्याची तीन एकर जमीन ते कित्येक वर्षे अर्धेलीने कसत आले आहेत. मागे त्या भागातली जमीन कालव्यासाठी घ्यावयाचे ठरले आणि वर्तमानपत्रात सूचना आली. बापूंच्या नातवाच्या हाती लागले ते नेमके इंग्रजी वर्तमानपत्र. ‘पर्सन्स इंटरेस्टेड’ यांनी मुदतीत आपले म्हणणे मांडावे, असे त्यात होते. नातू दहावीतला. शाळेत शिकल्याप्रमाणे त्याने अर्थ लावला, ‘बापू, ज्यांना इंटरेस्ट असेल त्यांना बोलावलंय.’ बापू म्हणाले, ‘आपल्याला रं कसला इंटरेस्ट? जमीन मालकाची, कालवा सरकारचा.’ आणि ते कांद्याच्या लागणीला निघून गेले.

मी सुटीत गावी गेलो तेव्हा ही हकीकत हसत हसत माझ्या कानांवर घालण्यात आली. मला काही हसू येईना. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ‘पर्सन इंटरेस्टेड’ या शब्दांची व्याख्याच दिलेली आहे. मराठीत ‘हितसंबंधित व्यक्ती’ म्हणा. जमिनीचा मालक तर तीत आलाच. पण भरपाईवर हक्क सांगणारा कोणीही आला. राज्याच्या कायद्याप्रमाणे कुळाचे हक्क असलेले आले आणि त्यांत वाट्याने कसणारेही आले. त्या जमिनीतून ये-जा करण्याचा वा पाणी नेण्याचा वहिवाटीचा हक्क असलेला आला. आणि जमीन गेल्याने ज्याच्या पोटापाण्याचे मुख्य साधन बुडण्याचा संभव आहे, असा माणूसही आला. १८९४ च्या जुन्या कायद्यातही हेच शब्द होते, परंतु व्याख्या इतकी ऐसपैस नव्हती. तेव्हा बापूंना त्या जमिनीची गोडी आहे काय, असे कोणी विचारलेच नव्हते. त्या जमिनीत त्यांचे काही गुंतले आहे काय, एवढाच प्रश्न होता. मुदत संपायला चार दिवस उरले होते. त्याच रात्री आम्ही अर्ज लिहिला, दुसऱ्या दिवशी कचेरीत दिला आणि पोच घेतली.

‘गुंतले आहे’ हे शब्द मी मुद्दाम योजले. ‘इंटरेस्ट’ हा शब्द लॅटिनमधून आला. ‘इंतेर’ म्हणजे मध्ये आणि ‘एस्से’ म्हणजे असणे. एखाद्या गोष्टीच्या मध्ये आपण असणे, तिच्या बऱ्यावाईटाने आपल्याला फरक पडणे, हा त्याचा गाभा. कष्ट वा पैसा गुंतला तर हक्क, मन गुंतले तर गोडी. कायद्याचा अर्थ इंग्रजीत जुना, पंधराव्या शतकापासूनचा. गोडीचा अर्थ पुष्कळ अलीकडचा, अठराव्या शतकातला. आपण शाळेत मुलांना धाकट्या भावाची ओळख आधी करून देतो आणि थोरल्याची ओळख राहूनच जाते.

मग व्याज यात कोठून शिरले? त्याचीही एक कथा आहे. मध्ययुगात युरोपातल्या ख्रिस्ती धर्मपीठाने कर्जावर वाढ घेणे निषिद्ध ठरवले होते. त्या निषिद्ध वाढीचे नाव ‘यूझरी’. पण ऋणकोने मुदतीत पैसे परत केले नाहीत आणि त्यामुळे धनकोची हानी झाली, तर ती भरून घेण्यास हरकत नसे. हातात असायला हवे होते ते आणि प्रत्यक्ष असलेले ते, यांच्या मधला जो फरक, तो ‘इंतेरेस्से’. पुढे नुकसानभरपाईचे हे सभ्य नाव हळूहळू साऱ्याच व्याजाला मिळाले. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या कायद्याने १५४५ साली दर साल शेकडा १० पर्यंत व्याज घेण्याला मोकळीक दिली; १५५२ साली पुन्हा बंदी आली, आणि १५७१ साली ती उठली. आज ‘यूझरी’ म्हणजे अवाच्या सवा व्याज. तेव्हा समानार्थी शब्द म्हणून हे दोन एका ओळीत लिहून देऊ नयेत.

आपल्या ‘व्याज’ शब्दाची तर याहून गंमत. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. ‘व्याजस्तुती’ हा अलंकार आपण शिकवतोच: वरून निंदा आणि आतून स्तुती, किंवा उलट. कर्जावरच्या वाढीला संस्कृत ग्रंथांत शब्द आहेत ते ‘वृद्धी’ आणि ‘कुसीद’. चक्रवृद्धी त्यातलीच, आपली चक्रवाढ. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. व्याज या शब्दाचा मूळ अर्थ काय, हे त्यांना कोशात पाहावे लागले नसावे!

असो. वाचताना अर्थ ओळखायचा कसा? शेजारचा चिमुकला शब्द पाहावा. पुढे ‘ऑन’ आला, म्हणजे ‘इंटरेस्ट ऑन लोन’, की ते व्याज. आणि या अर्थी शब्दाचे अनेकवचन होत नाही. ‘इन द इंटरेस्ट ऑफ’ असे आले की हित. जनहित याचिकेतले ‘हित’ याच इंटरेस्टचे भाषांतर. फसवणारा आहे तो ‘इन’. ‘इंटरेस्ट इन म्यूझिक’ म्हणजे गाण्याची गोडी, परंतु ‘इंटरेस्ट इन लँड’ म्हणजे जमिनीतला हक्क अगर हितसंबंध. कागद खरेदीखताचा, गहाणखताचा वा जाहीर नोटिशीचा असेल, तर गोडी हा अर्थ मनातून काढूनच टाकावा. मराठी नोटिशीतही ‘हक्क, मालकी अगर हितसंबंध असल्यास’ असे असते. ते शब्द नुसते भरतीचे समजून पुढे जाऊ नये.

समानार्थी म्हणून मुले ‘क्युरिऑसिटी’ लिहितात. ते कुतूहल; डोकावून पाहिले की भागले. इंटरेस्ट टिकून राहतो. ‘कन्सर्न’ यात आस्थेला काळजीची किनार असते. ‘स्टेक’ हा कायद्याच्या अर्थाला जवळचा. आपले काही पणाला लागलेले असणे. ‘बेनिफिट’ म्हणजे निव्वळ लाभ. मराठीत आपण गोडी, रस, आस्था, हित असे निरनिराळे शब्द ठेवले हे मला सोयीचे वाटते. इंग्रजीने सारा भार एकाच बैलाच्या मानेवर दिला आहे.

याच शब्दाच्या पोटातला ‘डिसइंटरेस्टेड’ हा तर हमखास पाडणारा. न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’ असावा, या वाक्याचे भाषांतर मी एकदा परीक्षेत विचारले. एकाने लिहिले, ‘न्यायाधीशाला खटल्यात रस नसावा.’ म्हणजे साक्ष चालू आहे आणि न्यायाधीश जांभया देत आहेत! खरा अर्थ, निकालात त्याचा स्वतःचा हितसंबंध नसावा. तो निःस्वार्थी, तटस्थ असावा. जांभया देणारा तो ‘अनइंटरेस्टेड’. मी त्या उत्तराला शून्य दिले. चार दिवसांनी तो विद्यार्थी जाडजूड कोश काखेत घेऊन घरी आला. ‘सर, इथे रस नसलेला हाही अर्थ दिलाय.’ पाहिले, तर खरेच दिला होता, आणि जुनाही होता. त्याला एक गुण वाढवून दिला; दुसरा मात्र दिला नाही, कारण वाक्य न्यायाधीशाचे होते.