गंज आणि पृष्ठभागावरील पाहुणे

लोखंड गंजण्यासाठी हवा आणि पाणी दोन्ही लागतात, हे सर्वश्रुत आहे. परंतु गंज चढेल की नाही आणि चढलाच तर किती वेगाने, याचा निर्णय धातूला चिकटून बसलेल्या, कित्येकदा एकाच रेणूच्या जाडीच्या थरात होतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. पाणी मातीच्या ढेकळात मुरते, त्याला शोषण म्हणतात. बाहेरचे रेणू आत न मुरता केवळ पृष्ठभाग धरून बसतात, त्याला अधिशोषण म्हणतात. पृष्ठभागावरच्या अणूंना आतल्या अणूंप्रमाणे चहूबाजूंनी शेजारी नसल्यामुळे त्यांची बंध जोडण्याची काही शक्ती शिल्लक उरते आणि समोर येणाऱ्या रेणूला ते धरून ठेवतात. मात्र अशा जागा मोजक्याच असल्याने त्यांच्यासाठी पाणी, प्राणवायू, क्षार आणि तेल यांच्यात एक प्रकारची चढाओढ चालते.

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्यात या चढाओढीचे महत्त्व विशेष आहे, कारण गडचांदूर, आवारपूर, उपरवाही आणि नारंडा येथील सिमेंट कारखान्यांचा माल ज्या काँक्रीटमध्ये जातो, त्याचे आयुष्य आतल्या लोखंडी सळईच्या पृष्ठभागावर काय बसले आहे यावर बरेचसे अवलंबून असते. उघड्यावर रचलेली सळई वैशाखाच्या कोरड्या उन्हात फारशी बदलत नाही, पण पावसाळ्यात ती थोड्याच दिवसांत तांबूस होते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेली की लोखंडावर बाष्पाच्या रेणूंचे एकावर एक थर साचतात आणि डोळ्यांना न दिसणारा हा ओलावा विद्युतभार वाहून नेऊ लागतो. व्हर्नन या ब्रिटिश संशोधकाने १९३० च्या दशकात दाखवून दिले की स्वच्छ दमट हवेत लोखंड सावकाश गंजते, परंतु त्याच हवेत ०.०१ टक्का सल्फर डायऑक्साइड मिसळला की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. कोळसा जळताना हाच वायू बाहेर पडत असल्यामुळे चंद्रपूरच्या कोळशाच्या पट्ट्यात या प्रयोगाचे मोल अधिक आहे.

काँक्रीटच्या आत मात्र चित्र पालटते. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून चुन्याची निवळी तयार होते, तिच्यामुळे काँक्रीटच्या छिद्रांतील पाण्याचा सामू १२.५ च्या वर राहतो, आणि अशा अल्कधर्मी पाण्यात सळईवर हायड्रॉक्सिल आयन व प्राणवायू ठाण मांडून काही नॅनोमीटर जाडीचे ऑक्साइडचे घट्ट कवच धरतात. या अवस्थेला निष्क्रियता म्हणतात. विदर्भात गंज म्हणजे भांडेही, आणि ॲल्युमिनियमचा गंज गंजत नाही तो अशाच कवचामुळे, ही भाषेची एक गंमतच. हे कवच खरा ऑक्साइड आहे की अधिशोषित प्राणवायूचा थर, हा वाद विज्ञानात बराच काळ चालला. उलिग या संशोधकाने अधिशोषणाची बाजू हिरिरीने मांडली होती. व्यवहारात दोन्ही बाजूंचे काही ना काही खरे ठरते.

मिठातील क्लोराइड आयन हा या व्यवस्थेचा सर्वांत मोठा शत्रू होय, कारण तो हायड्रॉक्सिलला बाजूला सारून कवचाच्या दुर्बळ ठिकाणी स्वतः बसतो आणि तेथे सुईच्या टोकाएवढा खड्डा पडून सळई आतून पोखरली जाते. म्हणूनच आय.एस. ४५६ या भारतीय मानकाने सळईच्या काँक्रीटमधील क्लोराइडवर घनमीटरला ०.६ किलोची मर्यादा घातली आहे.

याच चढाओढीचा उपयोग माणसाने स्वतःच्या फायद्यासाठीही करून घेतला आहे. पोलादावरील काळा पापुद्रा आम्लाने काढताना त्यात हेक्सामिन किंवा थायोयुरिया अत्यल्प प्रमाणात घालतात. नत्र वा गंधकाचे अणू असलेले हे रेणू उघड्या पडलेल्या धातूवर बसतात, त्यामुळे आम्ल पापुद्रा खाते आणि धातूला फारसा हात लावत नाही. तेल व ग्रीसही पाण्याची जागा अडवून धातू राखतात, परंतु त्याच मानकाप्रमाणे सळईवर तेल असता कामा नये, कारण मग काँक्रीट तिला धरत नाही. नायट्राइटसारख्या काही गंजरोधकांत तर आणखी एक पेच असतो: मात्रा अपुरी पडली तर बहुतेक पृष्ठभाग झाकला जातो आणि उरलेल्या थोड्याशा उघड्या जागेवर सगळी झीज एकवटते, त्यामुळे असे अर्धवट संरक्षण काही वेळा उघड्या सळईपेक्षाही घातक ठरते.