मोबाईलवरचे तण आणि कायद्याची फवारणी

सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक आज बाजूला ठेवतो. कंधारकडच्या एका गावात शेतकऱ्यांचा व्हॉट्सॲप गट आहे. हवामान, बाजारभाव, कोणत्या किडीला काय फवारावे, सारे त्यावर येते. गट चालवणारा पोरगा परवा गाडीपाशी येऊन हळूच म्हणाला, "साहेब, रात्री एकाने घाणेरडा व्हिडिओ टाकला. पोलीस मला धरतील का?" त्याला स्वतःची काळजी होती, मला निराळीच लागली. एका रात्रीत गटातल्या बहुतेक बायका बाहेर पडल्या होत्या. निंदणीपासून कापूस वेचणीपर्यंत निम्मी शेती त्यांच्या हातात, आणि सल्ला मात्र त्यांच्यापर्यंत पोचायचा बंद.

पोराला तिथेच धीर दिला. गोंदिया जिल्ह्यातल्या एका गटावर सभासदाने एका बाईला अर्वाच्य भाषा वापरली होती. गट चालवणाऱ्यावरही गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये तो रद्द केला. सभासदाच्या कृत्यात गट चालवणारा स्वतः सामील नसेल, तर त्याला दोषी धरता येत नाही, असे न्यायालय म्हणाले.

टाकणाऱ्याची गोष्ट वेगळी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ प्रमाणे अश्लील मजकूर पाठवला तर पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. उघड लैंगिक कृत्य दाखवणारा असेल तर ५ वर्षे आणि १० लाख. "मला आले, मी पुढे ढकलले" ही सबब चालत नाही. लहान मुलांचे तसले चित्रण तर शोधणे आणि उतरवून घेणे हाही गुन्हाच. तसे काही आले तर दुसऱ्याला दाखवायलासुद्धा पाठवू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देता त्याची तक्रार करता येते.

मग कोणी पारावर म्हणतो, सरकारने हे सगळे एकदाचे बंदच का करू नये? ऐकायला बरे वाटते. पण वाऱ्याच्या दिवशी ज्वारीत टू-फोर-डी मारले की शेजारच्या कपाशीची पाने आकसून बोटांसारखी होतात, हे तुम्ही पाहिले आहे. २०१५ च्या जुलैअखेर केंद्र सरकारने ८५७ संकेतस्थळे बंद करायला सांगितली. त्यात निव्वळ विनोदाची पानेही सापडली. ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत हुकूम सैल करावा लागला.

लांब कशाला, आपल्या लातूरचेच पाहा. बँक ऑफ महाराष्ट्रच्या कर्मचारी संघटनेच्या 'बुलेटिन'मध्ये १९९४ साली वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता छापली गेली. अश्लील म्हणून तक्रार झाली. कवी, प्रकाशक आणि छपाई करणारा, तिघेही लातूरच्या न्यायालयात आरोपी. प्रकाशकाने वाचकांची बिनशर्त माफी मागितली होती, तरी खटला सुटला नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १४ मे २०१५ रोजी. प्रकाशक आणि छापणारा मोकळे झाले. थोर पुरुषाच्या तोंडी तसले शब्द घातले तर कसोटी अधिक कडक लागते, असे सांगून कवीवरचा आरोप मात्र कायम ठेवला. मला ती कविता आवडते की नाही हा प्रश्न निराळा. एका छोट्या नियतकालिकातल्या कवितेपायी छापणाऱ्याला एकवीस वर्षे टांगून ठेवायचे? राज्यघटनेने बोलण्याचा हक्क दिला आणि सभ्यतेसाठी वाजवी बंधनेही मान्य केली. त्यातला 'वाजवी' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

प्रौढ माणसाने एकांतात काय पाहावे यात कायदा सहसा शिरत नाही. पण ते दुसऱ्यावर लादणे, पोरांच्या हाती देणे, किंवा एखाद्या बाईचे खासगी चित्र तिच्या संमतीवाचून पसरवणे, तिथे त्याने जरूर शिरावे. आणि हो, असे काही घडले म्हणून घरातल्या लेकीचा मोबाईल काढून घेऊ नका. तिने काय केले?

पोराने तो व्हिडिओ काढून टाकला, टाकणाऱ्याला गटाबाहेर केले. बायकांना परत आणायला मात्र त्याची माय घरोघर फिरली. परवापर्यंत चौघीजणी आल्या होत्या.