चालू धंदा सोडून नवीन लाइन पकडू का?

आपल्या नाशिकच्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. कुणाचं किराणा दुकान चालू आहे, त्याला स्वतःचा मसाला काढायचाय. कुणाला नोकरी सोडून केटरिंगमध्ये उतरायचंय. आज याचं उत्तर एका रेसिंग ड्रायव्हरकडून घेऊ.

पॉल डी रेस्टा, स्कॉटलंडचा. २००६ मध्ये त्याने फॉर्म्युला थ्री युरो सिरीज जिंकली. दुसरा कोण आला? सेबॅस्टियन व्हेटेल, जो पुढे चार वेळा फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. पण डी रेस्टाला तेव्हा फॉर्म्युला वनमध्ये जागा मिळाली नाही. २००७ पासून तो जर्मनीच्या डीटीएममध्ये मर्सिडीज चालवू लागला. डीटीएम म्हणजे तेव्हा टुरिंग कार, दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारखी बंद. फॉर्म्युला वनच्या गाडीची चाकं उघडी. दोन्ही रेसिंगच, पण किराणा आणि मसाला जितके वेगळे तितकंच हेही वेगळं.

आता २०१० बघा. डीटीएम चालूच, आणि सोबत आपल्या फोर्स इंडिया टीमचा राखीव ड्रायव्हर. काही ठिकाणी शुक्रवारच्या सरावात गाडी हातात मिळायची, रविवारची शर्यत मात्र दुसऱ्याची. त्याच वर्षी त्याने डीटीएमचं विजेतेपदही मारलं. आणि फोर्स इंडियाच्या गाडीत इंजिन कुणाचं? मर्सिडीजचंच!

२०११ मध्ये मेलबर्नला पहिली शर्यत आणि पहिलाच गुण. तीन सीझनमध्ये १२१ गुण, दोनदा चौथा नंबर. पण पहिल्या तिघांत एकदाही नाही, आणि २०१३ नंतर सीट गेली. मग २०१४ मध्ये तो कुठे? परत डीटीएममध्ये, मर्सिडीजकडेच.

यातून आपण काय घ्यायचं?

१. आधी तुमचा ‘शुक्रवार’ ठरवा. आठवड्यातला एक दिवस, थोडा माल, ठरलेले पैसे. गल्ला जुन्या दुकानातूनच येऊ द्या.

२. जुन्या पार्टीशी संबंध तोडू नका. तुमचा होलसेलर, जुनं गिऱ्हाईक हीच तुमची पत. नवीन दारही तेच उघडतात, आणि परत यायची वेळ आली तर तेच उभं करतात.

३. दोन्ही डगरींवर हात कायम ठेवता येत नाही. २०११ ला त्यानेही डीटीएम सोडलंच. तुमची तारीख कोणती, ते आजच वहीत लिहा आणि घरच्यांना वाचून दाखवा.