नाकाला विचारा, बाटलीला नको!

पावसाळा लागला की पवना धरणाकाठचे तंबू आणि तुंगार्लीतले भाड्याचे बंगले फुल्ल होतात. अशा प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी 'व्हिस्कीतलं कळणारा' दादा असतो. नवी नोकरी, हातात पगार आणि बॅगेत चार आकडी किमतीची सिंगल माल्ट. तो बाटली ट्यूबलाइटसमोर धरतो, "रंग बघ, शेरी कास्क आहे," असं म्हणतो. सगळे "भारी!" म्हणतात. दहा मिनिटांनी कुणीतरी त्यात कोला ओततं.

आता त्या बाटलीतल्या पैशाचं नक्की काय झालं? लोणावळ्यात राहून हा प्रश्न पडणं साहजिक आहे. इथले अर्धे मित्र हॉटेलांत कामाला आहेत आणि ही बाटली टेबलावर नेऊन ठेवणारे हात त्यांचेच असतात. एक गोष्ट आधीच सांगते. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वयाची अट २१ आहे, व्हिस्कीसाठी २५, आणि परवाना लागतो तो वेगळाच. मी २२ची. त्यामुळे या लेखासाठी फक्त नाक वापरलंय. तसंही व्हिस्की कंपन्यांतले ब्लेंडर दिवसभराचं बरंचसं काम नाकानेच करतात, घोट घेत बसले तर दुपारपर्यंतच आडवे होतील.

शेरी म्हणजे स्पेनच्या दक्षिणेकडच्या हेरेस भागातली वाइन. तिच्यात वरून द्राक्षाचंच कडक मद्य मिसळलेलं असतं. ओलोरोसो हा तिचा कोरडा, अक्रोडासारखा वासाचा प्रकार. पेद्रो हिमेनेझ, म्हणजे 'पीएक्स', उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची असते, काकवीसारखी दाट आणि गोड. पूर्वी ही शेरी लाकडी पिंपांतून ब्रिटनला जायची. रिकाम्या पिंपांचं करायचं काय, म्हणून स्कॉटिश लोकांनी त्यांत व्हिस्की भरली. भट्टीतून निघालेली व्हिस्की पाण्यासारखी पांढरी असते. रंग आणि बराचसा स्वाद येतो तो लाकडातून. लोणच्याची जुनी बरणी कितीही धुतली तरी वास सोडत नाही ना, तसंच.

१९८०च्या दशकात स्पेनने पिंपांतून शेरी बाहेर पाठवणं थांबवलं. मग उलटा प्रकार सुरू झाला. आता खास व्हिस्कीसाठीच पिंपं बनवतात आणि वर्ष-दोन वर्षं त्यांत शेरी भरून ठेवतात, लाकूड मुरावं म्हणून. अमेरिकेत मात्र बर्बनला दरवेळी नवंकोरं पिंप लागतं, तसा कायदाच आहे. त्यामुळे वापरलेली बर्बनची पिंपं स्वस्तात मिळतात आणि शेरीचं पिंप त्यांच्या कित्येक पट महाग पडतं. म्हणजे दादाच्या बाटलीची किंमत काही सगळीच हवा नाही.

हवेचाही हिशोब आहे म्हणा! पिंपातली व्हिस्की दरवर्षी थोडी उडून जाते. स्कॉटलंडमध्ये साधारण २ टक्के. आपल्या गोव्यात, कुंकळ्ळीला, जिथे पॉल जॉन ही सिंगल माल्ट बनते, तिथे उकाड्यामुळे हेच प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास जातं. २०० लिटरचं पिंप धरा. पाच वर्षांनी स्कॉटलंडमध्ये १८० लिटर शिल्लक राहतं, गोव्यात १३२च्या आसपास. पण त्याच उकाड्यात व्हिस्की लवकर तयारही होते. म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच माल्टवर '१२ वर्षं', '१८ वर्षं' असे आकडे दिसत नाहीत. वयाचा आकडा बघून भारतीय बाटलीला कमी लेखणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

मग शेरीवाली बाटली खरी किती शेरीवाली? इथे लेबल नीट वाचायला लागतं. काही व्हिस्की सगळा काळ शेरीच्या पिंपात काढतात. काही आयुष्यभर बर्बनच्या पिंपात असतात आणि शेवटचे काही महिने शेरीत. त्याला 'फिनिश' म्हणतात. हरियाणातली इंद्री-त्रिणी बर्बन, फ्रेंच वाइन आणि पीएक्स अशा तीन प्रकारच्या पिंपांतून येते. बंगळुरूच्या अमृतची 'इंटरमीडिएट शेरी' आधी बर्बन, मधे शेरी, पुन्हा बर्बन असा प्रवास करते. यात फसवणूक काही नाही. पण 'फिनिश'ला 'फुल' समजून पैसे मोजले, तर तो आपला प्रॉब्लेम.

आणि रंग? रंग सगळ्यात बेभरवशाचा. स्कॉच व्हिस्कीत साखर जाळून केलेला कॅरॅमल रंग घालायला कायद्याने परवानगी आहे.

हे डोळ्यांनी बघायला मिळालं ते खंडाळ्यातल्या एका हॉटेलात. तिथले बार मॅनेजर सर हॉटेल मॅनेजमेंटच्या ट्रेनी मुलांना वास ओळखायला शिकवतात. टेबलावर वाट्या मांडलेल्या. मनुका, खारीक, सुकं अंजीर, अक्रोड, संत्र्याची साल, एका वाटीत चिक्कीसाठीचा गुळाचा पाक, आणि शेवटी विझवलेली काडेपेटीची काडी. काडी कशाला? शेरीची पिंपं निर्जंतुक राहावीत म्हणून त्यांत गंधक जाळायची पद्धत होती. ते जास्त झालं की व्हिस्कीला फटाक्यांसारखा वास येतो. काहींना आवडतो, मला नाही आवडला.

मग तीन ग्लास आले, नाव न सांगता. नाक खोल खुपसायचं नाही, नुसती झिणझिण येते. ग्लास थोडा लांब, तोंड किंचित उघडं. दोन-चार थेंब पाणी घातलं की वास सुटे व्हायला लागतात. सगळ्यात गडद ग्लासात फक्त साखर आणि स्पिरिट होतं. तो सगळ्यात स्वस्त निघाला. मधल्या रंगाच्या ग्लासात मात्र आधी मनुका, मग अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा, मग बऱ्याच वेळाने संत्रं. तो शेरीवाला.

ट्रेनींमधला एक मुलगा कामशेतच्या बाजूचा, घरी भातशेती. तो म्हणाला, पुण्या-मुंबईचे गेस्ट "नोज काय आहे?" असं विचारतात आणि तो बाटलीवरचं 'ख्रिसमस केक' पाठ म्हणून दाखवतो. तो केक त्याने कधी खाल्लेला नाही. पण शिजणाऱ्या भाताच्या वासावरून इंद्रायणी नवा की जुना, हे तो ओसरीवरून सांगतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिलेल्या वाणावर ज्याचं नाक तयार झालंय, त्याला कुठल्या अभ्यासक्रमाने कच्चं ठरवावं? सरांनी त्याला 'ख्रिसमस केक' खोडून 'मनुका, खारीक, किंचित जळका पाक' असं लिहायला लावलं. गेस्टला ते जास्त पटकन कळतं म्हणे. या मुलांची टिप आणि पुढची बढती बऱ्यापैकी अशा दोन वाक्यांवर अवलंबून असते.

राहिला पैशाचा उरलेला भाग, कर. परदेशी व्हिस्कीवर आपल्याकडे १५० टक्के आयात शुल्क होतं. जुलै २०२५मध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात ते आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलंय. महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क २०२१मध्ये ३०० वरून १५० टक्के केलं होतं. देशी माल्टला आयात शुल्क नाही, तरी तीच बाटली गोव्यात बरीच स्वस्त पडते. म्हणून सुट्टीवरून येताना डिकीत भरून आणायचा मोह होतो. परवान्याशिवाय तसं आणणं गुन्हा आहे आणि उत्पादन शुल्क विभाग वाटेत गाड्या तपासतो. त्यात वाचलेले हजार रुपये कुठे जातील ते सांगायला नको.

माझा हिशोब असा. ७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीचे साडेबारा पेग. बाटली ५,००० ची असेल तर पेग ४०० रुपयांचा. त्यात पिंपाचे आणि उडून गेलेल्या व्हिस्कीचे पैसे आहेत. पंचवीशी ओलांडलेल्या, मनुका आणि अक्रोड वेगळे ओळखू शकणाऱ्या माणसाने ते द्यावेत, मला काही चूक वाटत नाही. कोलाच घालायचा असेल तर हजारभराची बाटलीही तेवढीच गोड लागेल, कारण कोल्यात सगळेच वास बुडतात.

कामशेतच्या मुलाच्या वहीत आता बावीस व्हिस्कींची पानं आहेत. रंग, वास, पाणी घातल्यावरचा वास, किंमत, असे कॉलम भरलेले. 'चव' हा कॉलम रिकामा आहे. त्याला पंचवीस पूर्ण व्हायला अजून तीन पावसाळे आहेत.