पाहुण्यांच्या आधी गाव (लेखांक ९)

मागच्या लेखांकात आपण एखाद्या संस्थेचा जनसंपर्क पाहिला. संस्थेला अध्यक्ष असतो, प्रवक्ता असतो, तिच्या वतीनं कोण बोलणार हे ठरलेलं असतं. शहराचं तसं नसतं. ऑलिंपिक, विश्वचषक, जी-२० किंवा कुंभमेळा भरला की महापौरांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळेच शहराच्या वतीनं बोलू लागतात. त्यातही पाहुणा महापौरांचं भाषण विसरतो आणि रिक्षावाल्यानं किती घेतले ते घरी जाऊन सांगतो.

‘आपल्या जळगाव-धुळ्यात कुठून आलंय आंतरराष्ट्रीय काही?’ असं कुणी म्हणेल. पण यजमानगिरीचा जनसंपर्क शिकायचा तर त्यातला उत्तम धडा आपल्याच यावल तालुक्यात आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला भरलं. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. तोवर अधिवेशनं भरायची ती शहरांत; खेड्यात भरलेलं हे पहिलं. त्यामागे गांधीजींचा आग्रह होता. गाव लहान, हाती पैसा बेताचा आणि येणार होती देशभरची माणसं.

मुंबईहून भाड्यानं मांडव आणून फैजपूरचं छोटं शहर करून टाकणं सोपं होतं. झालं उलटं. गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावून घेतलं. बांबू, चटया, तट्ट्या आणि शेतकऱ्याच्या घरात रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तू यांतूनच कमानी आणि मंडप उभे राहिले. या वस्तीला नाव दिलं टिळकनगर. अध्यक्षांची मिरवणूक निघाली ती सजवलेल्या रथातून, आणि रथाला जुंपल्या होत्या सहा बैलजोड्या. मोटारीतून आलेला अध्यक्ष लोकांनी पाहिला असता आणि विसरला असता. सहा जोड्यांचा रथ मात्र ज्यानं बैल धरलेत त्याला कळतो. कुणाची जोडी चालली, कुठला बैल बुजला, याची चर्चा पुढं कितीतरी दिवस पारावर झाली असेल. पदरचा एक पैसा न घालता घरोघर पोचलेली ती प्रसिद्धी होती.

यात निव्वळ साधेपणाची हौस होती असं मला वाटत नाही. प्रांतिक निवडणुका अगदी काही आठवड्यांवर आल्या होत्या आणि त्यांत पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त ग्रामीण मतदार पहिल्यांदाच मत देणार होते. खेड्यात अधिवेशन भरवणं हा त्या मतदाराला दिलेला निरोप होता. अधिवेशनात शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम मंजूर झाला. त्याच व्यासपीठावरून नेहरू स्पेनमधल्या यादवीबद्दल आणि युरोपातल्या फॅसिझमबद्दल बोलले. केळीच्या आणि कपाशीच्या मुलखात उभं राहून माणूस माद्रिदबद्दल बोलतोय, आणि ते कुणाला विजोड वाटलं नाही. गाव स्वतःच्या रूपात उभं होतं, म्हणून जगाचा विषय तिथं शोभला.

पण खरी तयारी त्याआधीची. साने गुरुजी पूर्व खानदेशातल्या गावोगाव हिंडले, धनाजी नाना चौधरींसारखे इथले कार्यकर्ते राबले. पाहुण्याला बोलावण्याआधी गावाला विचारलं गेलं. घरात कार्य असलं की आधी भाऊबंदांना विश्वासात घ्यावं लागतं, नाहीतर पंगतीला वाढायला कुणी उठत नाही, हे खानदेशात सांगायला नको.

आता अलीकडे या. भारताकडे जी-२० चं अध्यक्षपद आलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत बैठक भरली. पाहुण्यांच्या वाटेवरच्या काही झोपडवस्त्यांसमोर पडदे लागले. पडदा झोपडी झाकण्यासाठी होता, पण छायाचित्र छापून आलं ते पडद्याचंच. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिलांच्या ‘डब्ल्यू-२०’ गटाची बैठक छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीच्या औरंगाबादला) झाली, तेव्हाही भिंती रंगल्या, दुभाजक हिरवे झाले. रंग लावायला माझी हरकत नाही, दिवाळीला आपणही लावतो. पण पाहुणे येणार म्हणून आठ दिवसांत होणारं काम एरवी आठ वर्षं का होत नाही, हा प्रश्न त्या शहरातला माणूस विचारतोच. त्याला उत्तर मिळालं नाही की तो कुत्सितपणे हसतो, आणि ते हसू आता मोबाइलवरून जगभर जातं. त्याच सुमारास गुरुग्राममध्ये जी-२० साठी मांडलेल्या कुंड्या महागड्या गाडीत भरून नेणाऱ्यांची चित्रफीत पसरली होती. बैठकीत काय ठरलं हे किती जणांना आठवतं? कुंड्या आठवतात.

दिल्लीची २०१० ची राष्ट्रकुल स्पर्धा तर पाठ्यपुस्तकात घालावी अशी. ३ ऑक्टोबरला उद्‌घाटन आणि २१ सप्टेंबरला मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला. क्रीडाग्रामातल्या घाणेरड्या स्वच्छतागृहांची छायाचित्रं परदेशात झळकली. त्यावर आयोजन समितीचे एक पदाधिकारी म्हणाले की स्वच्छतेच्या कल्पना माणसागणिक वेगळ्या असतात. पूल पुन्हा उभा करता येतो, बोललेलं वाक्य परत घेता येत नाही. पुढं उद्‌घाटन सोहळा देखणा झाला, भारतानं १०१ पदकं मिळवली, तरी विषय निघाला की आधी ती स्वच्छतागृहंच निघतात. चूक झाली तेव्हा ‘झाली, अमुक दिवसांत दुरुस्त करतो’ एवढं म्हणण्यात काही कमीपणा नव्हता.

गप्प बसणं त्याहून महाग पडतं. प्रयागराजच्या महाकुंभात २९ जानेवारी २०२५ च्या पहाटे चेंगराचेंगरी झाली आणि ३० मृत्यूंचा अधिकृत आकडा आला तो संध्याकाळी. मधल्या वेळात ज्याला जो आकडा सुचला तो त्यानं पसरवला. त्याच्या आठवडाभर आधीच, २२ जानेवारीला, आपल्या पाचोरा तालुक्यात परधाडेजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. माणसं उतरून शेजारच्या रुळावर गेली आणि कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडली. मृतांत नेपाळचेही प्रवासी होते. काही तासांत जळगावचं नाव जगभरच्या बातम्यांत होतं. कुठलाही सोहळा नसताना, बोलावणं नसताना आपला जिल्हा असा एका संध्याकाळी जगासमोर येऊ शकतो. तेव्हा रुग्णालयाबाहेर नातेवाइकांना माहिती कोण देणार, नेपाळीत किंवा हिंदीत फोन कोण उचलणार, हे आधी ठरलेलं असावं लागतं. जिल्हा माहिती कार्यालयाचं प्रसिद्धिपत्रक ही त्यातली फक्त शेवटची पायरी.

संधीचं काय? ती तर रोज जळगाव स्टेशनवर उतरते. अजिंठ्याची लेणी १९८३ पासून जागतिक वारसा आहेत. ती दुसऱ्या जिल्ह्यात, पण जळगावहून सुमारे साठ किलोमीटरवर, म्हणून रेल्वेनं येणारे कितीतरी परदेशी पाहुणे इथं उतरतात. उतरून ते एसटी स्टँडवर जातात. गाडीवरची पाटी देवनागरीत. आपण संभाजीनगरची गाडी धरायची, नेरी-पहूरवरून जायचं आणि फर्दापूरच्या पुढं अजिंठ्याच्या टी पॉइंटला उतरायचं, हे जपानहून आलेल्या माणसाला कुणी सांगायचं? बहुतेक वेळा कंडक्टर सांगतो, हातवारे करून आणि मनापासून. जळगावचा खरा जनसंपर्क अधिकारी तो. त्याला चार भाषांतलं एक छापील पान हाताशी दिलं तर खर्च किती येईल? गांधी तीर्थ, भरीत-पुरी, भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेली केळी हे सगळं त्याच पानाच्या पाठीवर मावतं.

धुळ्याची अडचण वेगळी आहे, सांगण्यासारखं असून सांगायचं राहिलं. विनोबांची गीता-प्रवचनं १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली, साने गुरुजींनी ती टिपून घेतली, आणि पुढं ती कितीतरी भाषांत गेली. पुस्तक जगभर पोचलं, त्याच्यामागचं धुळे मागंच राहिलं. धुळ्यातल्याच राजवाडे संशोधन मंडळाची कथाही फार वेगळी नाही.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२७ मध्ये भरतो आहे. माळव्यातून आणि त्यापलीकडून रस्त्यानं येणारा यात्रेकरू पळासनेरला महाराष्ट्रात शिरतो आणि शिरपूर, धुळे, मालेगाव करत नाशिकला जातो. रेल्वेनं येणारा भुसावळ-जळगाव ओलांडतो. म्हणजे यजमान नाशिक असलं तरी पहिला उंबरठा आपला. या आग्रा रोडवर पाणी, स्वच्छतागृह आणि हिंदीत धड लिहिलेल्या पाट्या कुठं हव्यात, हे सल्लागार कंपनीपेक्षा तिथल्या ढाबेवाल्याला, पेट्रोल पंपावरच्या पोराला जास्त कळतं. तुमचं गाव या रस्त्यावर असेल तर येत्या ग्रामसभेत हा विषय काढा, आणि ठराव करून घेतल्याशिवाय उठू नका.