औषध बियाण्यांतच

भंडारा जिल्ह्यांतील चिखला हें गांव मँगनीजच्या खाणीसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु या जिल्ह्याचें खरें वैभव म्हणजे धान. ‘धनधान्य’ हा समास उगीच रूढ झाला नाहीं, हें भाद्रपदांत येथील हिरव्या बांध्या पाहतांच पटतें.

याच दिवसांत, पावसावाऱ्याचा जोर असतां, पानांच्या कडा टोंकाकडून पिवळ्या पडूं लागतात. तो पिवळेपणा नागमोडी उतरत जातो आणि पान तणसासारखें वाळतें. पानेंच वाळलीं म्हणजे लोंबीस अन्न कोठून मिळणार? दाणा पोचट राहतो. यास कडाकरपा म्हणतात.

याचें कारण एक सूक्ष्म जीवाणु. पानांच्या कडेस पाणी बाहेर टाकणारीं छिद्रें असतात. त्यांतून किंवा फाटलेल्या पानांतून तो आंत शिरतो. रोगट पानाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यांत धरला असतां कापल्या जागेंतून दुधट धार सुटते. घरांतील मुलांस हा प्रयोग अवश्य दाखवावा.

महाराष्ट्रांत हा रोग प्रथम १९५१ सालीं, तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांत, दिसला. १९६३ सालीं बिहारांत त्याची मोठी सांथ आली. नत्रखत अधिक झालें कीं तो बळावतो. हमखास गुण देणारी फवारणी नाहीं. म्हणून शास्त्रज्ञांनीं औषध बियाण्यांतच शोधिलें.

आफ्रिकेंतील माली देशांत एक रानटी भात उगवतो. खाण्याच्या दृष्टीनें तो कुचकामी. परंतु या रोगास तो दाद देत नाहीं. त्याचा हा गुण फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेंत संकरानें लागवडीच्या भातांत उतरविला गेला. पुढें हैदराबादच्या दोन संस्थांनीं, एक भात संशोधनाची व दुसरी पेशी व रेणु जीवशास्त्राची, तो ‘सांबा महसुरी’ या बारीक तांदळाच्या जातींत आणिला.

रीत आपल्या घरासारखीच आहे. परक्या कुळांतील सून येते. तिची संतति पुनःपुन्हां सासरच्याच कुळाशीं जोडीत गेल्यास चेहरामोहरा त्या घराचा होतो, परंतु सुनेनें आणिलेला एक गुण तेवढा राखावयाचा. रानटी भातापासून आलेल्या गुणाच्या जोडीला लागवडीच्या भातांतील आणखी दोन गुण घेतले. हे दोन असे लाजाळू कीं, आई व बाप दोघांकडून मिळाल्यावांचून प्रकटच होत नाहींत. म्हणून रोपाच्या पानांतील आनुवंशिक खूण प्रयोगशाळेंत वाचून निवड करावी लागली. २००८ सालीं ही सुधारित जात प्रसृत झाली.

तीन गुण कशासाठीं? जीवाणूही रूप पालटतो. एक कुलूप उघडणारा चोर निघतो; तिन्ही एकदम उघडणें अवघड. शिवाय ही संकरित जात नसल्यामुळें शेतकऱ्यास घरचें बी राखतां येतें.

आमच्या जिल्ह्यांत साकोलीस कृषि संशोधन केंद्र आहे. ज्यांचीं शेतें आहेत त्यांनीं बी घेण्यापूर्वीं तेथें विचारावें, रोवणीच्या वेळीं रोपांचे शेंडे खुडूं नयेत आणि नत्र बेतानें द्यावें.

ज्यांचीं शेतें नाहींत त्यांनींही एवढें ध्यानीं धरावें : आज निरुपयोगी वाटणाऱ्या रानगवतानें उद्यांचें ताट राखिलें. म्हणून जुन्या व रानटी जातींचें बीज जपणें हें पुढील पिढ्यांचें अन्न जपणेंच होय.